माळ नसलेल्या माणसाचं 'नको'



यात्रा जवळ आली की आपल्या येळ्ळूरकरांच्या आठवणी सुरू होतात. चांगळेश्वरीचं देऊळ, कुस्तीचं मैदान, माहेरवाशिणी, पै-पाहुणे, चुलीवर चढलेली पातेली. मीही असलंच काहीतरी लिहायला बसलो होतो. खरं एक गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून आधी ती लिहितो. (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या बेळगाव भागात 'खरं' म्हणजे 'पण'. पुढं गोंधळ नको.)

परवा एका घरी जेवण होतं. आम्ही जुनी माणसं बाहेर बसलो होतो, गच्चीवर पोरांचं चाललेलं. मी हात धुवायला वर गेलो तर आमच्या गल्लीतला एक पोरगा, असेल चोवीस-पंचवीसचा, भिंतीला टेकून उभा आणि चौघं त्याच्या मागं लागलेले.

"घे की गा थोडं."

"न्हाई, नको मला."

"का? माळ घातलास काय?"

"न्हाई."

"मग अय्यप्पा धरलास?"

"न्हाई गा."

"मग काय, कोणाला भिऊलालास?"

पाच-दहा मिनिटं हेच चाललं होतं. शेवटी तो म्हणाला, "पोटाचं औषध चालू हाय, डॉक्टरनं बंद सांगितलंय." लगेच सगळे बाजूला झाले. "मग आदीच सांगायचं न्हाई काय!" म्हणत एकानं त्याच्या हातात सोड्याची बाटली दिली.

त्या पोराला पोटाचं काही नाही. खाली येताना मी त्याला विचारलं, तर हसून म्हणाला, "काका, खरं सांगितल्यावर कोण ऐकतंय?"

रात्री मला झोप लागली नाही. पोराचं बोलणं साधं होतं, खरं ते माझ्यावरच येऊन पडलं. का, ते पुढं सांगतो.

आधी आमच्या आज्जाचं सांगतो. आमचा आज्जा माळकरी. त्या काळी मिरजेला गाडी बदलून छोट्या गाडीनं पंढरपूरला जायचं. तिथं ज्ञानेश्वरीवर माळ ठेवून एका थोर माणसाच्या हातून ती त्यानं गळ्यात घालून घेतली. तेव्हापासून दारू नाही, मटण-मासळी नाही, एकादशी मोडायची नाही, वारी चुकवायची नाही. माळेचा दोरा तुटला तर नवा ओवून गळ्यात पडेपर्यंत तो पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. आम्ही पोरं दाराखाली, चुलीमागं मणी शोधत फिरायचो आणि आज्जी ओरडायची, "बघा रे लौकर, म्हातारा उपाशी हाय."

आज्जाला जन्मात कोणी 'घे' म्हटलं नाही. लग्नात, बारशात, निवडणुकीत, कुठंच नाही. गळ्यातली माळ दिसायची आणि विषय संपायचा. त्याच्या ताटात आमटी-भात यायचा, तोही वेगळ्या पळीनं वाढलेला, आणि वाढणारी बाई म्हणायची, "आज्जांचं बाजूला काढलंय."

आज्जाची दुसरी गोष्ट जास्त आठवते. आमच्या कट्ट्यावर रात्री कधी कधी गल्लीतलेच दोघं-तिघं झोकांड्या खात येऊन बसायचे. आज्जानं कधी त्यांना उपदेश केला नाही, नाक मुरडलं नाही. आत हाक मारायचा, "भाकरी हाय काय गे उरलेली?" आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवायचा. त्यातले दोघं पुढं पारायणाच्या मंडपात येऊन बसायला लागले. त्यांना माळेची भीती कधी वाटली नाही, कारण ती घालणाऱ्या माणसाची भीती वाटत नव्हती.

आता विचार केला तर आपल्या भागात 'न घेणारे' पुष्कळ आहेत आणि आपण त्यांना मान पण देतो. माळकरी झाले. तालमीतला पैलवान झाला, लंगोटाचा पक्का, मैदान जवळ आलं की पान-तंबाखूसुद्धा बंद. आपल्याकडचे जैन शेतकरी दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, त्यांच्या घरी गेलं तर आपणच म्हणतो, "तुमचं आवरून घ्या आदी." लिंगायत समाजात कित्येक घरं दारू-मटणाला शिवत नाहीत. बौद्ध बांधवांच्या पंचशीलात दारू नको हे आहेच आणि बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यातही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मुसलमान मित्र रोजा धरतो तेव्हा त्याच्यासमोर चहा पिताना आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. आणि सगळ्यात मोठी संख्या आपल्या आया-बहिणींची. त्या घेत नाहीत, याला आपण काही मोठं मानतच नाही.

म्हणजे दुसऱ्याचा नेम पाळायला आपल्याला येतं. कोणी शिकवायची गरज नाही.

आता अय्यप्पाचं बघा. गेल्या काही वर्षांत आपल्या बेळगाव भागात अय्यप्पाची माळ घालणारे वाढले. कार्तिकापासून संक्रांतीपर्यंत काळे कपडे, पायात चप्पल नाही, पहाटे गार पाण्याची अंघोळ, एक्केचाळीस दिवसांचं व्रत. एरवी रोज संध्याकाळी नाइंटी मारल्याशिवाय घरी न जाणारा माणूस एक्केचाळीस दिवस थेंबाला शिवत नाही. बायको सुखात, पोरं सुखात. आणि गल्लीतले सगळे, त्याचे पिणारे दोस्तसुद्धा, त्याला 'स्वामी' म्हणतात. "स्वामी, या, बसा. स्वामी, चहा चालतोय न्हवं?"

शबरीमलैहून आला, माळ उतरवली, की दुसऱ्या दिवशी तेच दोस्त कोपऱ्यावर उभे. "आता झालं न्हवं तुझं? चल."

मला सांगा, ज्या माणसाला एक्केचाळीस दिवस जमलं त्याला बेचाळिसाव्या दिवशी का जमत नाही? माणूस तोच, तब्येत तीच, मनाची ताकद तीच. बदललेले असतो आपण. काल आपण त्याला स्वामी म्हणत होतो, आज त्याच्या हातात ग्लास देतोय.

आता माझ्या चुलतभावाचं. नाव लिहीत नाही, खरं त्याला विचारूनच लिहितोय. तो म्हणाला, "लिही अण्णा, कोणाच्या तरी उपयोगी पडंल."

तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. भातलावणीत आणि मळणीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. उद्यमबागला एका कारखान्यात लागला, पगार हातात आला आणि पगाराच्या दिवशीची चार माणसांची बैठक हळूहळू रोजची झाली. तेव्हा सारायीची पाकिटं मिळायची. दात लावून कोपरा फाडायचा आणि उभ्या उभ्या तोंडात रिकामं करायचं. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात सारायी बंद झाली तेव्हा गावातल्या बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यानंही तेव्हा पहिल्यांदा बंद केली. महिनाभर टिकली. पाकीट गेलं, खरं बाटली होतीच, आणि गोव्याची स्वस्त बाटली घाट चढून यायचीच. आज्जाच्या तरुणपणी आपला भाग मुंबई राज्यात होता, १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होता, तेव्हाही ओढ्याकाठी भट्ट्या लागत होत्या असं तो सांगायचा. कायद्यानं दुकान बंद होतं आणि ते व्हावंही. खरं मित्रानं पुढं केलेला हात कायदा धरत नाही.

२०१० साली त्यानं दुसऱ्यांदा सोडली. या वेळी कोणी सांगून नाही, आपणहून. पोरगी चार वर्षांची होती. ती शेजारणीला म्हणाली होती, "आमच्या बाबाला वास येतोय." एवढं पुरलं त्याला. सात महिने त्यानं घेतली नाही. अंगावर मांस आलं, वहिनीच्या गळ्यात मोडलेलं मंगळसूत्र परत आलं.

आणि मग माझ्या घराची वास्तुशांत झाली. संध्याकाळी मागच्या खोलीत आमची बैठक. मी काही रोजचा पिणारा नव्हतो, खरं असल्या वेळी घ्यायचो. तो जेवण वाढून निघाला होता. मीच त्याला हाताला धरून बसवलं. माझं वाक्य मला आजही शब्दाशब्दाला आठवतंय. "अरे, भावाचं घर झालं, आज तरी घे. एका दिसानं काय हुतंय?"

तो दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं आणि घेतला ग्लास.

पुढं तीन वर्षं तो थांबला नाही. नोकरी गेली. एक पट्टी शेत गहाण पडलं. वहिनी दोनदा माहेरी गेली. कोणी मला दोष दिला नाही. वहिनीनंसुद्धा नाही. उलट माझ्यासमोर बोलताना ती "त्यांच्या नशिबात हुतं" म्हणायची, आणि मला ते शिव्यांपेक्षा जास्त लागायचं. मी तेव्हापासून सोडली. त्यात मोठेपणा काही नाही, मला घोटच उतरेनासा झाला.

२०१३ साली तिसऱ्यांदा. इथं एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती माहीत नसल्यानं माणसं जातात. रोज भरपूर पिणाऱ्यानं 'आजपासून बंद' म्हणून घरात एकट्यानं एकदम बंद करणं धोक्याचं असतं. पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, भास होतात, वेळेवर उपचार मिळाला नाही तर जीवसुद्धा जातो. त्याचंही दुसऱ्या दिवशी तसं झालं. भिंतीवरून मुंग्या चालल्यात म्हणायला लागला. घरातली म्हातारी माणसं म्हणाली, बाहेरचं काहीतरी लागलंय, उतारा करा. वहिनीनं ऐकलं नाही. मला फोन केला, आम्ही रिक्षात घालून त्याला बेळगावला दवाखान्यात नेलं. आठ-दहा दिवस औषधं, सलाईन. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं आणलात." तेव्हा कोणी सोडत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, गोळ्या लागतात त्या घेऊ द्या. हा आजार आहे, त्यात लाज धरायचं कारण नाही. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केलं ते याच समजुतीवर, की व्यसनी माणसाला शिक्षेची नाही, उपचाराची आणि सोबतीची गरज असते.

दवाखान्यातून आल्यावर त्यानं मला बोलावून घेतलं. म्हणाला, "अण्णा, कार्तिकीला पंढरपूरला जायचंय. माळ घालतो."

मी चकित झालो. देवाधर्माचं त्याला कधीच नव्हतं. पारायणाच्या मंडपाकडं तो फिरकत नसे, कारण एकदा प्यालेला असताना मागं जाऊन बसला होता आणि एका माळकऱ्यानंच "उठ इथनं" म्हणून सगळ्यांसमोर उठवलं होतं. म्हणून मी विचारलं, "विठ्ठलावर भरोसा बसला काय गा तुझा?"

तो म्हणाला, "विठ्ठलाचं मला म्हाईत न्हाई. तुमच्यासाठी घालूलालोय. माळ बघितल्यावर कोण आग्रह करत न्हाई. नुसतं नको म्हटलेलं तुमास्नी ऐकू येत न्हाई."

मला काही बोलता आलं नाही.

माळ घातली त्याला आता बारा वर्षं होत आली. जुलै २०१४ मध्ये फलकाच्या वेळी गावात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवसांत भले भले हादरले होते. त्याला माळ घालून वर्षही झालं नव्हतं. त्यानं घेतली नाही. गहाण पडलेली पट्टी सोडवली, त्यात आता बासमती लावतो, भात निघालं की मसूर. पोरगी कॉलेजला आहे.

आता कोणी म्हणेल, मग झालं की, माळेनं माणूस वाचला, तुमचं म्हणणं काय?

माळेनं वाचला, शंभर टक्के. आणि नुसती खूण म्हणून नाही. पिणाऱ्याची अवघड वेळ असते संध्याकाळची सात ते नऊ. पाय आपोआप कोपऱ्याकडं वळतात. त्या वेळेला त्याला हरिपाठ मिळाला, टाळ मिळाले, वीणा धरायची पाळी मिळाली, शेजारी बसणारी माणसं मिळाली. नुसतं 'घेऊ नको' सांगणं सोपं आहे, त्या दोन तासांत माणसानं जायचं कुठं, याचं उत्तर वारकऱ्यांनी कितीतरी पिढ्यांपूर्वी देऊन ठेवलंय. त्याबद्दल मी हात जोडतो. विठ्ठलाचं माहीत नाही म्हणणारा माझा भाऊ आता एकादशीला पहाटे उठून काकडआरतीला जातो, आणि कोणासाठी जातो ते मी विचारत नाही.

खरं गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. आम्ही दोघं शेताकडं गेलो होतो. बांधावर पोरं खेकडी धरत होती. लहानपणी आम्ही दोघांनी कंदील घेऊन, पिशव्या भरभरून धरलेली. तो थांबून बघत राहिला. मग म्हणाला, "अण्णा, दारूची आठवण येत न्हाई बग आता. खेकड्याची येते."

हसलो आम्ही दोघं. घरी आल्यावर मात्र मला वाईट वाटलं. ज्याला श्रद्धेनं मटण-मासळी सोडायची आहे त्यानं आनंदानं सोडावी, आमच्या आज्जानं सोडलीच की. पण माझ्या भावाचा खेकड्याशी काही वाद नव्हता. त्याला फक्त दारू नको होती. तेवढं एक 'नको' आम्हाला ऐकू यावं म्हणून त्यानं जन्मभराचं दुसरंही सोडलं. ती किंमत त्याच्याकडून देवानं घेतली नाही, आम्ही घेतली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आपण माळेला मान देतो ते चांगलं आहे, तो कमी करू नका. पण माळ नसलेल्या माणसाच्या 'नको'लाही तोच मान द्या. त्याला कारण विचारू नका. कारण सांगायला लागलं की एकतर माणूस खोटं बोलतो, त्या गच्चीवरच्या पोरासारखा, नाहीतर खरं सांगून हसं करून घेतो, नाहीतर ग्लास घेतो, माझ्या भावासारखा.

"आग्रह म्हणजे आपलं प्रेम हो, आपल्याकडची रीत आहे," असं कोणी म्हणतं. भाताचा आग्रह करा, पुरणपोळीचा करा, कोणाचं काही जात नाही. दारूची गोष्ट वेगळी. कोण सात महिने थांबलेला आहे, कोणाच्या बापाचं लिव्हर गेलंय, कोणाची पोरगी घरी वास घेऊन बघणार आहे, हे आपल्याला माहीत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलं, की दारूचं एवढं प्रमाण सुरक्षित, असं काही नाही. म्हणजे 'थोड्यानं काय हुतंय' हे आपलं वाक्य डॉक्टरांच्या हिशेबातही बसत नाही.

आणि माळकऱ्यांनाही एक विनंती, मी त्यांच्याच घरात वाढलो म्हणून करतो. मंडपात कोणी वास येणारा माणूस मागं येऊन बसला तर त्याला उठवू नका. तो तिथवर आलाय, हेच खूप आहे. आमच्या आज्जासारखा पाण्याचा तांब्या पुढं करा.

यंदा यात्रेला घरोघरी पाहुणे येतील. बैठका होतील, त्या मी बंद करू शकत नाही. तीन गोष्टी मात्र करता येतील. न घेणाऱ्याच्या हातात न विचारता कोकम नाहीतर सोडा द्या आणि त्याला गप्पांत बसवून घ्या, बाजूला काढू नका. 'का घेत न्हाईस' हा प्रश्न घरच्या पोरांना आधीच बंद करा. आणि मटण खाणारा पण दारू न घेणारा पाहुणा असेल तर त्याच्या ताटात मटण बिनधास्त वाढा. दोन्ही एकदम सोडलं तरच खरा, असं काही नसतं.

माझ्या घरी त्या दिवशी भाऊ येणार आहे. त्याचं आमटी-भात बाजूला काढलेलं असेल. आणि त्या गच्चीवरच्या पोरालाही मी जेवायला बोलावलंय. म्हटलं, "ये, तुला कोण काय विचारणार न्हाई."

तो म्हणाला, "काका, मग पोटाचं औषध बंद करू काय?"

म्हटलं, "कर."